एक मूठ मैदा

पथ्य आणि पाहुणा, दोघांचं एकच असतं. पहिले चार दिवस सगळं घर पुढेपुढे करतं, पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "आता पुरे की!" आपल्यापैकी असं घर कुणी पाहिलेलं नाही? कुणाला मीठ बंद असतं, कुणाला साखर. आणि प्रत्येक घरात एक तरी वडीलधारं माणूस असतं, जे हळूच डोळा मिचकावून म्हणतं, "खा गं, एवढ्याने काय होतंय!" ही गोष्ट अशाच एका वडीलधाऱ्या माणसाची आहे.

त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत. खाली त्यांची बेकरी, वर राहतं घर. मुलगा लांबच्या गावी पुलाच्या कामावर होता, पंधरा दिवसांनी यायचा. घरात उस्ताद, सून आणि सहा वर्षांची नात. नातीला एका जागी बसणं माहीतच नव्हतं, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी.

रोज सकाळी उस्ताद पहिली भट्टी उतरवून वर चहाला येत, तेव्हा ओट्यावर सुनेचा वजनकाटा मांडलेला असे. काचेचा, पुस्तकाएवढा, ग्रॅमपर्यंत सांगणारा. सून त्यावर वाटी ठेवी. फेटलेलं अंडं अडतीस ग्रॅम. लोणी बारा ग्रॅम. घट्ट क्रीम चाळीस ग्रॅम. काकडीच्या चार चकत्या. पाचवी ठेवली की काटा पुढे जाई, म्हणून पाचवी परत. आकडा वहीत लिहायचा, मगच ताटली भिंगरीपुढे. खाऊन झालं की रबरी चमच्याने वाटी निपटायची आणि शेवटचं बोटभर लोणीही तिच्या तोंडात घालायचं.

"सूनबाई," उस्ताद एकदा म्हणाले, "तुझ्यापेक्षा सोनार बरा. त्याच्या तराजूत निदान इकडचं तिकडे होतं."

सुनेने मान वर केली नाही. "सोनाराचं चुकलं तर दागिना हलका होतो, बाबा. माझं चुकलं तर ही पडते."

भिंगरी खरोखरच पडायची. वर्षभरापूर्वी ते सुरू झालं होतं. हसता हसता तिचे डोळे एका जागी थांबत, हातातला पेला सुटे आणि उजवा हात दोरी ओढल्यासारखा उडू लागे. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून दहादा. दोन औषधं झाली, तिसरं झालं. त्या औषधांनी पोर दिवसभर पेंगायची आणि पेंगता पेंगताच पडायची. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं.

आहारबाईंनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "हे औषधच आहे असं समजा, फक्त बाटलीत मिळत नाही. पाव, भात, बटाटा, साखर जवळजवळ बंद. लोणी, क्रीम, अंडी, अक्रोड, चीज, मासा हे सगळं मोजून. पीठ-साखर मिळेनाशी झाली की शरीर चरबीवर चालायला लागतं, आणि काही मुलांच्या डोक्यातलं वादळ त्याने शमतं. सगळ्यांचं नाही, काहींचं."

बाहेरच्या बाकावर एक जाडजूड बाई कान देऊन बसल्या होत्या. उघड्या दारातून त्या म्हणाल्या, "अहो, लोणी खायचं आणि बारीक व्हायचं? मलापण लिहून द्या की!"

आहारबाई हसल्या नाहीत. "ताई, हे मुलीला बारीक करायला नाही दिलेलं. आपल्या मनाने करायची गोष्ट नाही ही. रक्त तपासत, वाढ बघत, आमच्या नजरेखाली करायची आहे."

आणि वाचकहो, त्या आहाराचा गुण आला! तिसऱ्या आठवड्यात झटके निम्म्यावर आले. पाचव्या आठवड्यात वहीतला झटक्यांचा रकाना कोरा राहू लागला. सून रोज सकाळी भिंगरीच्या लघवीत कागदाची एक पट्टी बुडवून बघे. पट्टी जांभळी झाली म्हणजे शरीर चरबीवर चाललंय, फिकी गुलाबी झाली म्हणजे कुठेतरी पीठ-साखर शिरली. पट्टी जांभळीच येई. त्रेपन्न दिवस रकाना कोरा! भिंगरी पुन्हा शाळेत जाऊ लागली, डब्यात मोजलेले अक्रोड आणि चीजचे तुकडे घेऊन.

पण पोर ती पोरच. खालून दिवसातून तीनदा ताज्या पावाचा वास वर येणार आणि आपण मात्र क्रीमची वाटी चाटायची! एक दिवस तिने वाटी ढकलून दिली.

"मला पाव पाहिजे. आजोबा सगळ्या जगाला पाव देतात, मलाच देत नाहीत!"

ते वाक्य उस्तादांच्या काळजात घुसलं. चाळीस वर्षं त्या भट्टीपुढे उभं राहून गावाला पाव खाऊ घातला, आणि घरचंच लेकरू उपाशी?

सुनेने आहारबाईंना फोन केला. त्यांनी एक कृती दिली. बदामाचं पीठ, अंडं, लोणी, फुगवायची पूड. मैद्याचा कण नाही. त्याचे लिंबापेक्षा थोडे मोठे आठ पाव करायचे. दिवसाला तीन, तेही वजन करून; उरलेले शिळे चालणार नाहीत.

"पाव मी करणार," उस्ताद म्हणाले. "हे काम भट्टीचं आहे, ओट्यावरचं नाही."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या महिन्यांत सासऱ्यांनी या आहाराला पहिल्यांदाच हात लावला होता.

पहिल्या दिवशीचे पाव बशीत काढताच फुटले. दुसऱ्या दिवशीचे फुटले नाहीत, पण शेणीसारखे चपटे झाले. तिसऱ्या दिवशी उस्तादांनी अंडं जास्त फेटलं, भट्टीचा ताव कमी केला. पाव फुगले आणि बाहेर येताच बसले. भिंगरीने चमच्याने चुरा खाल्ला आणि मान वाकडी करून म्हणाली, "आजोबा, हा पाव आजारी आहे का?"

उस्तादांचा पाव बोटाने दाबला तर श्वास घेतल्यासारखा वर येई, अशी त्यांची ख्याती. त्यांच्या भट्टीतून असला लुळा पाव निघावा? मैद्याला एक चिवटपणा असतो, तो पिठाला धरून ठेवतो. बदामाला तो नाही. हे त्यांच्या हातांना डोक्याच्या आधी कळत होतं. चौथ्या दिवशी परातीपुढे उभे असताना त्यांचा हात आपोआप शेजारच्या मैद्याच्या पिंपात गेला. एक मूठ! आठ पावांत एक मूठ म्हणजे कितीशी?

पाव गोल आले. गुबगुबीत, सोनेरी, न फुटणारे. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. सुनेने पाव काट्यावर ठेवला, तीस ग्रॅम भरला, वहीत लिहिला. काटा वजन सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही. आणि उस्तादांनीही सांगितलं नाही. विचारलंच कुणी नव्हतं.

आठवड्याने मूठ जरा मोठी झाली. पाव जास्तच छान येत होते.

पुढच्या आठवड्यात पट्टी फिकी पडली.

सुनेने आधी डोळे चोळले, मग पट्टीच्या डबीवरची तारीख पाहिली. दुसऱ्या दिवशीही फिकी. तिसऱ्या दिवशी जेवताना भिंगरीचा हात उडाला, चमचा भिंतीवर जाऊन आदळला. कोऱ्या रकान्यात रेघ पडली. मग दोन, मग चार.

सुनेने घर उलटंपालटं केलं. दात घासायची पेस्ट बदलली. खोकल्याचं औषध साखरेचं आहे का ते दुकानात जाऊन विचारून आली. काटा बिघडला असेल म्हणून नवा आणला. दोन्ही काट्यांवर एकच लोणी ठेवून बघत बसली. प्रत्येक गोष्टीवर तिने संशय घेतला, एका गोष्टीवर सोडून. आजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेल्या पावावर कोण संशय घेणार?

मग राहिली एकच जागा. शाळा.

"खरं सांग, कुणाच्या डब्यातलं खाल्लंस?"

"नाही आई."

"बिस्किट? चॉकलेट? मैत्रिणीने दिलं?"

"नाही गं आई, मी नाही खाल्लं."

"मग पट्टी खोटं बोलते का?"

उस्ताद दारात चपला घालत होते. एक चप्पल पायात, एक हातात. सुनेने भिंगरीचं तोंड उघडायला लावलं, वास घेतला. हात उलटे-पालटे करून नखं पाहिली. दप्तर जमिनीवर ओतलं. पोर भिंतीला टेकून उभी होती. तिने उस्तादांकडे पाहिलं, जसं मूल आपल्या साक्षीदाराकडे पाहतं.

"आजोबा, सांगा ना आईला. मी खोटं नाही बोलत."

उस्तादांनी दुसरी चप्पल घातली. "भट्टी खोळंबलीय," म्हणाले आणि जिना उतरले.

सुनेने शाळेतल्या बाईंना कळवलं, पोर दुसऱ्यांच्या डब्यातलं खाते, आणि दुसऱ्या दिवसापासून भिंगरीची शाळा बंद झाली. ती खिडकीशी बसून राही. आणि एक नवंच सुरू झालं. कुणी मोठं माणूस जवळ आलं, मग ती आई असो, आजोबा असोत नाहीतर दूधवाला, की ती आपणहून तोंड उघडून जीभ बाहेर काढी आणि दोन्ही तळहात पुढे करी. बघा, काही नाही.

उस्तादांचं मन त्यांना खात होतं. पण मन मोठं वकील असतं. ते म्हणे, मूठभर मैद्याने का कुठे झटके येतात? आजार आहे तो, उलटतो कधीकधी. औषधं का थोडी झाली? आणि आता सांगायचं म्हणजे सुनेसमोर मान खाली, मुलासमोर मान खाली. पाव मात्र ते रोज करत राहिले. मूठही तशीच पडत राहिली. कारण मूठ थांबवली आणि झटके थांबले, तर मग काय सिद्ध होणार? त्या विचाराचीच त्यांना भीती वाटे.

भट्टीवर तीस वर्षांचा एक जोडीदार होता. दिवसाला दहा शब्द बोलायचा, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत. त्या दुपारी उस्तादांनी बदामाची परात ओढली, पिंपात हात घातला, आणि मुनीने पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं.

"उस्ताद, ती भिंत वाचा."

पिंपावरच्या भिंतीवर उस्तादांनी स्वतः रंगवून घेतलेली अक्षरं होती: हाताने नको, काट्याने.

"तीस वर्षं तूही वाचतोयस की. आज काय नवीन?"

"गेल्या महिन्यात मी मीठ हाताने टाकलं. चमचाभर जास्त पडलं. तुम्ही तीस किलो पीठ फेकायला लावलंत."

"मग? हाताला माप नसतं, मुनी! हात लबाड असतो!"

"तेच म्हणतो." मुनीने उस्तादांच्या मुठीकडे बोट केलं. "ही मूठ कुठल्या काट्यावरून आली?"

उस्ताद भडकले. "एवढीशी मूठ! आठ पावांत वाटली जाते! एवढ्याने काय होतंय?"

"तीस किलोत चमचाभर मिठाने काय होत होतं?"

"अरे, त्याने पाव बिघडतो!"

"हो," मुनी म्हणाला. "बिघडलेला पाव गिऱ्हाईक परत आणून देतं. पोर बिघडली तर कुणाला परत करायची, उस्ताद?"

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मुनीने दहाच्या वर शब्द खर्च केले होते, पण तो थांबला नाही. "मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. वाटलं, मालकाच्या घरचं, आपण कशाला बोला. माझंही चुकलंच. काल पोर जिन्यावर भेटली. मी नुसतं डोक्यावरून हात फिरवायला गेलो, तर तिने जीभ काढून दाखवली. मला! मी कोण तिचं तोंड तपासणारा?"

उस्तादांची मूठ सैल झाली. मैदा पिंपात परत पडला, पण बोटांच्या रेघांत पांढरा राहिलाच. त्यांनी हात अंगरख्याला पुसला. तरी राहिला. किती दिवस आपण पोरीचे हात तपासू दिले, आणि मैदा तर या हाताला होता!

ते तसेच वर गेले. सून जमिनीवर बसून कागद पिशवीत भरत होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची तारीख होती.

"डॉक्टरांचा फोन आला होता, बाबा," ती म्हणाली. "झटके परत एवढे वाढले म्हणजे हिला हा आहार लागू पडत नाही म्हणाले. उद्या बंद करू. ते दुसरं भारी औषध सुरू करू. त्याने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, पण..." तिने हातातला कागद पिशवीत कोंबला. "मीच कुठेतरी कमी पडले."

"तू नाही," उस्ताद म्हणाले. ते उंबऱ्यावरच बसले. "पावात मैदा आहे, पोरी. पहिल्या तीन दिवसांचे सोडले तर सगळ्या पावांत. मी टाकला."

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, खालून मुनीकडून वाटीभर मैदा घेऊन आली, काटा सासऱ्यांसमोर जमिनीवर ठेवला.

"टाका. जशी टाकत होतात तशी."

उस्तादांनी मूठ भरली आणि काट्यावर सोडली. काटा छप्पन्नावर थांबला.

सुनेने वही उघडली. "छप्पन्न भागिले आठ, सात. दिवसाला तीन पाव, एकवीस ग्रॅम मैदा." ती आकड्यांकडे बघत राहिली. "बाबा, सबंध दिवसात हिच्या पोटात जेवढी पीठ-साखर जायला हवी, तिच्या दुप्पट तुम्ही एकट्याने घातलीत. मी काकडीची पाचवी चकती काढून ठेवत होते." मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "आणि मी हिला खोटारडी म्हटलं."

खिडकीशी भिंगरी ऐकत होती. आईने तिच्याकडे पाहताच सवयीने तिने तोंड उघडलं, तळहात पुढे केले. सुनेने ते दोन छोटे हात पकडून आपल्या डोळ्यांना लावले. उस्तादांना वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ते स्वतः बोलले. सून म्हणाली होती, मी सांगते; पण ते म्हणाले, मूठ माझी, तोंडही माझंच पाहिजे. डॉक्टरांनी वहीतले आकडे पुन्हा वाचले. मग त्यांनी भारी औषधाचा कागद बाजूला ठेवला. "आहार चालू ठेवू. तीन आठवड्यांनी बघू. परत तसाच गुण येईलच असं मी वचन देत नाही."

आहारबाईंनी उस्तादांना थांबवून घेतलं. त्यांना वाटलं, आता ऐकावं लागणार. ऐकावंच लागलं.

"आजोबा, तुम्ही पहिले नाही. कुणाची आजी उशीखाली खडीसाखर ठेवते, कुणाचे काका गाडीत बसवून आइस्क्रीम देतात. सगळे प्रेमानेच करतात. शत्रूने दिलेलं मूल थुंकून टाकेल हो, आजोबांनी दिलेलं कसं थुंकणार? आणि त्या मैद्याहून वाईट काय केलंत सांगू? गप्प बसलात. तुमच्या गप्प बसण्याने एक चांगलं औषध आम्ही फेकून देणार होतो. चूक लगेच सांगितली असती तर चार दिवसांचं नुकसान होतं."

"मला तिचा पाव चांगला व्हायला हवा होता," उस्ताद म्हणाले.

"पाव की पोर?"



पट्टी सहाव्या दिवशी जांभळी झाली. झटके इतके शहाणे नव्हते. ते कमी होत गेले, पण महिना उलटला तरी रकाना पहिल्यासारखा त्रेपन्न दिवस कोरा राहिला नाही. नऊ दिवस, मग एक रेघ, बारा दिवस, मग एक रेघ. गेलेलं सगळंच परत येतं असं नाही. सून सासऱ्यांशी बोलत होती, चहा देत होती, पण पाव हातात घेतला की क्षणभर थांबे. उस्तादांनी त्याबद्दल तक्रार केली नाही. भिंगरीला घेऊन शाळेत ते स्वतः गेले आणि भिंगरीच्या बाईंसमोर, सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "माझ्या नातीने कुणाचं काही खाल्लं नव्हतं. चूक माझी होती." सत्तरीचा माणूस पहिलीच्या मुलांपुढे उभा राहून हे बोलला. मुलांनी उगीचच टाळ्या वाजवल्या.

राहिली ती भिंगरीची सवय. कुणी जवळ आलं की जीभ बाहेर, हात पुढे. समजावून झालं, जवळ घेऊन झालं, सुटेना.

मग एका सकाळी उस्तादांनी तिला खाली भट्टीवर नेलं आणि स्टुलावर बसवलं. परातीशेजारी सुनेचा काचेचा काटा ठेवला होता. बदामाचं पीठ त्यावर मोजून झालं. मैद्याच्या पिंपावर झाकण होतं आणि झाकणावर मुनीने आपणहून एक वीट ठेवली होती. उस्ताद स्टुलासमोर वाकले, साबणाने धुतलेले दोन्ही हात नातीपुढे पसरले आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढली.

भिंगरी आधी दचकली. मग खुदकन हसली. मग एकदम गंभीर झाली आणि आजोबांचा एक एक तळवा धरून, बोटांच्या रेघांतून, नखांखालून नीट बघू लागली.

"या नखात काहीतरी आहे."

"बदाम आहे गं."

"नक्की?"

"मुनीला विचार."

मुनीने मान हलवली. एक शब्दही खर्च केला नाही.

"बरं. करा पाव," भिंगरी म्हणाली.

पाव नेहमीसारखाच झाला, चपटा आणि ठिसूळ. चमच्याने खावा लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हात तपासले गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि असंच एका सकाळी दूधवाला जिन्यात तिच्याजवळून गेला, तेव्हा तिने त्याला जीभ दाखवली नाही. नुसती बाजूला सरकली. सुनेने ते वरून पाहिलं. त्या दिवशी उस्तादांच्या हातून पाव घेताना ती थांबली नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, आपल्याही घरी कुणाचं तरी पथ्य चालू असेल. ते आपल्याला पटलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, भांडा, शंका काढा. पण चोरून मूठ टाकू नका. आजाऱ्याला आपल्या हाताची चव लागत नाही, आपल्या हाताचा भरवसा लागतो. आणि मूठ पडलीच असेल तर आजच सांगा. कारण आपण गप्प बसलो, की आपल्या हाताचा मैदा घरातलं सगळ्यांत लहान माणूस स्वतःच्या जिभेवर शोधत बसतं.